चेहऱ्याचा आरसा आणि दिव्याचा आरसा

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात दासींच्या घोळक्यात उभी राहून प्रसाधन आटोपणाऱ्या राजकन्येच्या हाती चित्रकाराने जो आरसा दिला आहे, तो तळहाताहून फारसा मोठा नाही, आणि इ. स. १११७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील दर्पणसुंदरीचा आरसाही जवळपास तेवढाच आहे. मुखावलोकनाला एवढे पुरते. कुंकू रेखीव लागले की नाही, भांग सरळ पडला की नाही, एवढे पाहण्यापुरता वीतभर चकचकीत पृष्ठभाग मिळाला म्हणजे मनुष्याचे काम भागते. आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या फणेरपेटीच्या झाकणात बसविलेला आरसा पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच राहिला, याचे कारण केवळ काचेची महागाई हे नसून त्याहून मोठ्या आरशाची कोणास गरजच भासली नाही, हे होते. मग राजवाड्यांच्या भिंतीच्या भिंती व्यापणारे, सोनेरी वर्खाच्या चौकटीत बसविलेले, एकेका सरदाराचा वर्षाचा वसूल गिळून टाकणारे ते प्रचंड आरसे कोणासाठी होते? माझे मत असे आहे की, ते चेहऱ्यासाठी मुळी नव्हतेच. ते दिव्यासाठी होते. ज्या काळी सूर्यास्तानंतर उजेड ही जगातील अत्यंत दुर्मिळ व खर्चिक चीज होती, त्या काळी एका ज्योतीच्या दहा ज्योती करून दाखविणारे साधन ज्याच्या घरी असे त्याच्या वैभवाला वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नसे. शोभेच्या आरशांचे जे नाना प्रकार आज जुन्या वस्तूंच्या बाजारात निरनिराळ्या नावांनी विकले जातात, त्यांतील बहुतेकांचा उलगडा हे एक सूत्र हाती धरले म्हणजे होऊ लागतो.

चेहऱ्याच्या आरशाचा इतिहास अर्थातच फार जुना. आजच्या तुर्कस्थानातील चाताल ह्युयुक या नवाश्मयुगीन वसाहतीत ज्वालामुखीजन्य काळ्या काचदगडाचे घासून गुळगुळीत केलेले आरसे सापडले आहेत आणि त्यांचे वय आठ हजार वर्षांच्या घरात जाते. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तांब्याचे व काशाचे मूठवाले आरसे वापरले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एक गोष्ट विसरता येत नाही. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात १९३८ साली जी हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती उत्खननात मिळाली, तिच्या मस्तकात वरून खोल छिद्र आहे, आणि ती एखाद्या आरशाची मूठ असावी असे अनेक विद्वानांनी मानले. इतर काहींना ती आसनाचा किंवा चौरंगाचा पाय वाटली. मूठ असो वा पाय असो, तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती पुढे आपल्या तेर आणि भोकरदन येथे सापडल्या, आणि सातवाहनकालीन दक्षिणेतील कारागिरांचे काम रोमन श्रीमंतांच्या घरी पोहोचत होते ही गोष्ट त्यामुळे अधिक दृढ झाली.

धातूच्या आरशांची ही परंपरा केरळातील आरन्मुळा येथे आजही जिवंत आहे. पार्थसारथी मंदिराच्या या गावातील मोजकी घराणी तांब्यात कथिलाचे प्रमाण मुद्दाम वाढवून, सुमारे एक तृतीयांशापर्यंत नेऊन, मातीच्या साच्यात जो रस ओततात, तो थिजल्यावर काचेसारखा ठिसूळ आणि रुपेरी पांढरा होतो. मग कित्येक दिवस तो घासून घासून त्यावर असे तेज आणतात की, पाहणाऱ्याला तो धातू आहे याची शंकाही येऊ नये. काचेच्या आरशावर बोट टेकले असता बोट आणि प्रतिबिंब यांत काचेच्या जाडीमुळे अंतर दिसते, कारण प्रतिबिंब काचेमागच्या लेपातून येते. आरन्मुळ्याच्या आरशात ते अंतर नाही, बोटाला बोट भिडते. हा चेहऱ्याच्या आरशाचा परमोत्कर्ष होय. पण तो मोठा करता येत नाही, कारण ठिसूळ धातूचा मोठा पत्रा फुटण्याचे भय फार. आणि दिवाणखाना उजळण्याचे काम त्याच्याकडून कोणी कधी मागितलेही नाही.

काचेचा आरसा युरोपात प्रथम जो प्रचारात आला तो सपाट नव्हता. सपाट आणि स्वच्छ काच करण्याची विद्या अवगत नसल्यामुळे कारागीर फुंकनळीने काचेचा गोळा फुगवीत, तो गरम असतानाच आत वितळलेले शिसे फिरवीत आणि मग त्याचे तुकडे कापून घेत. साहजिकच ते तुकडे बाहेरून फुगीर असत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील यान व्हान आयकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर जो वाटोळा आरसा टांगलेला आहे तो या जातीचा. अशा आरशात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून सौंदर्यवतीच्या तो फारसा उपयोगाचा नसतो. परंतु साऱ्या खोलीचे दृश्य तो एका ठिकाणी गोळा करतो आणि एका कोपऱ्यातल्या दिव्याचे बिंब दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्यालाही दाखवितो. सपाट आरसे मुबलक झाल्यावरही, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील धनिकांनी सोनेरी चौकटीवर पंख पसरलेला गरुड बसवून आणि दोन्ही अंगांना मेणबत्त्यांचे हात काढून हे फुगीर आरसे पुन्हा भिंतीवर चढविले, याचे रहस्य यातच आहे.

सपाट आरशाची किल्ली मात्र व्हेनिसच्या हाती होती. १२९१ साली त्या प्रजासत्ताकाने आगीच्या भयाने सर्व काचभट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या. आगीचे भय खरेच होते. पण कारागिरांवर नजर ठेवण्याची सोय त्यात अनायासे साधली गेली. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याने तेथे स्फटिकासारखी निर्मळ काच सिद्ध केली, १५०७ मध्ये दाल गाल्लो बंधूंनी आरसे करण्याचा मक्ता सरकारकडून मिळविला, आणि १५६९ मध्ये आरसेवाल्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. रीत अशी होती: फुगविलेल्या काचेचे नळकांडे उभे चिरून ते उलगडावयाचे, तो पत्रा दोन्ही बाजूंनी घासून सपाट करावयाचा, मग दगडी मेजावर कथिलाचा कागदासारखा पातळ वर्ख अंथरून त्यावर पारा चोळावयाचा आणि वर आणखी पारा ओतून त्या थरथरत्या डोहावरून काच अशी अलगद सरकवावयाची की, मध्ये हवेचा एक बुडबुडाही राहू नये, नंतर वर वजने ठेवून आणि मेज तिरपे करून जादा पारा निथळू द्यावयाचा. निथळण्यास कित्येक दिवस, मोठ्या काचेला कित्येक आठवडे लागत. आपल्याकडे कल्हईवाला नवसागराच्या धुरात जे भांड्याला करतो, त्याचेच हे थंड आणि कितीतरी अधिक घातक भावंड होय.

घातक म्हणण्याचे कारण पाऱ्याची वाफ. व्यावसायिक रोगांवरील आद्य ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध करणाऱ्या बेर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने मुरानोच्या आरसेवाल्यांची जी स्थिती नमूद केली आहे ती वाचवत नाही: हातापायांना सुटलेला कंप, लागलेला दमा, आणि ज्या आरशांवर पोट चालायचे त्याच आरशांत रोज पाहावा लागणारा स्वतःचा ऱ्हास. त्यानंतर दीड शतकाने, १८६१ साली, आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने फ्यूर्ट आणि एर्लांगेन येथील आरसे-कारखान्यांतील मजुरांची पाहणी करून पाऱ्याच्या विषबाधेवर ग्रंथ लिहिला, तेव्हाही चित्र फार बदललेले नव्हते. सोनेरी चौकटीचे वर्णन करणारे लेखक या मजुरांना एका वाक्यात आटोपतात. मला ते न्याय्य वाटत नाही.

इतक्या यातनांनी निपजलेल्या वस्तूला किंमतही तशीच येई. सेंट-सिमाँ या फ्रेंच उमरावाच्या आठवणींत अशी एक कथा आहे की, काउंटेस द फिएस्क या बाईने आपली गव्हाची जमीन विकून एक आरसा घेतला, आणि गव्हापलीकडे काही न पिकणाऱ्या त्या दरिद्री जमिनीच्या बदल्यात एवढा सुंदर आरसा मिळाला याबद्दल स्वतःला धन्य मानले. फ्रान्सचा पैसा अशा रीतीने व्हेनिसकडे वाहताना पाहून चौदाव्या लुईचा खजिनदार कोल्बेर याने १६६५ मध्ये, म्हणजे पुरंदरचा तह ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, आरशांचा शाही कारखाना काढण्याची सनद दिली आणि फ्रेंच वकिलातीमार्फत गुप्तपणे मुरानोचे काही कारागीर फोडून पॅरिसला आणविले. व्हेनिस सरकारने आधी अभयपत्रे धाडली, मग धमक्या दिल्या, मागे राहिलेल्या कुटुंबीयांना वेठीस धरले. १६६७ च्या आरंभी त्या कारागिरांपैकी दोघे एकापाठोपाठ एक असे अकस्मात मरण पावले. विषप्रयोगाचा संशय पॅरिसमध्ये उघड बोलला जात होता. तो सिद्ध मात्र झाला नाही. उरलेल्यांतील बरेच जण परत गेले, पण तोवर फ्रेंचांनी पाहायचे ते पाहून घेतले होते.

त्याचे फळ म्हणजे व्हर्सायचा आरसेमहाल. १६७८ पासून १६८४ पर्यंत आर्दुआँ-मांसार या स्थपतीने उभारलेल्या या सुमारे ७३ मीटर लांबीच्या दालनात बागेकडे उघडणाऱ्या १७ खिडक्या आहेत आणि त्यांच्या बरोबर समोर आरशांच्या १७ कमानी आहेत. दिवसा बागेतील प्रकाश आणि रात्री झुंबरांचा प्रकाश दुप्पट करण्यासाठी केलेली ही योजना इतकी उघड आहे की, माझ्या सूत्राला याहून बोलका साक्षीदार मिळणार नाही. एक गोष्ट मात्र प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. या कमानी अखंड काचेच्या नाहीत. प्रत्येकीत २१ तुकडे असून एकंदर ३५७ आरसे तेथे लागले आहेत, कारण फुंकून केलेल्या काचेचा पत्रा त्याहून मोठा निघत नसे. सार्वभौम राजालाही सांधे झाकता आले नाहीत. त्यानंतर थोड्याच वर्षांत वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतून लाटण्याची युक्ती निघाली, १६९३ च्या सुमारास पिकार्दी प्रांतातील सँ-गोबँ येथे त्या कामाचा कारखाना स्थिरावला आणि पुरुषभर उंचीचे एकसंध आरसे प्रथमच शक्य झाले.

पुढच्या शतकातील प्रकारांची यादी लांबलचक असली तरी तिच्यात फार गुंतण्याचे कारण नाही. अंगीठीच्या वर बसवून विस्तवाचा आणि मेणबत्त्यांचा उजेड खोलीत परतविणारा. दोन खिडक्यांमधल्या अंधाऱ्या भिंतीपुरता निमुळता केलेला. वर रंगीत चित्र आणि खाली काच अशी एकाच चौकटीत जोडणी असलेला. मागे लहान आरसा आणि पुढे मेणबत्तीचा हात असलेला भिंतीवरचा दिवा: हे सारे प्रकाशाचे नोकर. पायांवर उभा राहणारा, मधल्या खिळीवर मागेपुढे कलणारा पुरुषभर आरसा मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस आला आणि तो निर्विवादपणे माणसासाठी होता. नखशिखांत पोशाख एका नजरेत पाहण्याची चैन तेव्हापासून सुरू झाली.

आता पूर्वेकडे वळू. युरोपाने जो फुगीर तुकडा अडचण म्हणून टाकून दिला, त्याच तुकड्यातून इराण आणि हिंदुस्थान यांनी एक स्वतंत्र कला निर्माण केली. शाहजहानने १६३१-३२ मध्ये लाहोरच्या किल्ल्यात बांधविलेला शीशमहाल, आग्र्याच्या किल्ल्यातील शीशमहाल आणि आंबेरचा शीशमहाल यांत कोठेही सबंध आरसा नाही. चुन्याच्या गिलाव्यात बसविलेले हजारो लहान लहान तुकडे आहेत. त्यांत चेहरा दिसत नाही, दिसलाच तर एखादा डोळा किंवा पगडीचा तुरा दिसतो. परंतु प्रत्येक तुकडा किंचित फुगीर असल्यामुळे खोलीत कोठेही ज्योत लावली तरी त्यातल्या बहुतेकांना ती गवसते, आणि पाहणारा एक पाऊल हलला की सारे छत हलते. या महालांतील ही योजना व्हर्सायपेक्षा अधिक बुद्धीची आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. तेथे उजेड दुप्पट झाला, येथे तो शतगुणित झाला आणि तोही फुटक्या काचेतून. अशी काच गुजरातेत खेडा जिल्ह्यातील कपडवंज येथेही फुंकली जाई. मोठा फुगा, आत ओतलेला वितळत्या धातूचा लेप आणि नंतर कापाकापी, हीच जुनी रीत. कच्छी भरतकामातील आणि आपल्याकडील बंजारा स्त्रियांच्या घागऱ्यांवरील आभले या तुकड्यांचेच धाकटे सोयरे. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, आंबेरचा तो महाल ज्या मिर्झा राजा जयसिंहाच्या नावाशी निगडित आहे, तोच १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालून बसला होता.

अठराव्या शतकात या दोन परंपरांची गाठ कच्छमध्ये पडली आणि ती घालून देणारा मनुष्य एक खलाशी होता. ओखामंडळाचा रामसिंह मालम तरुणपणी समुद्रात संकटात सापडला, एका डच जहाजाने त्याला उचलले आणि हॉलंडला नेले. तेथे अनेक वर्षे राहून त्याने काचकाम, मीनाकारी, रंगीत फरश्या आणि घड्याळे करण्याची विद्या आत्मसात केली. परत आल्यावर काठेवाडच्या दरबारांत त्याची कोणी दाद घेतली नाही. भुजचा राव लखपतजी हा स्वतः कवी, ब्रजभाषेतील काव्यशिक्षणासाठी पाठशाळा काढणारा रसिक. त्याने मात्र रामसिंहाला आश्रय दिला, त्याच्या देखरेखीखाली मांडवीला काचेचा कारखाना काढविला आणि भुजच्या दरबारगडात आयनामहाल बांधविला. तेथील मुख्य दालनाच्या संगमरवरी भिंतींवर सोनेरी नक्षीच्या पट्ट्यांमध्ये युरोपीय धर्तीचे सपाट आरसे आहेत, खाली डच नमुन्यावर स्थानिक भट्टीत भाजलेल्या निळ्या फरश्या आहेत; आणि शेजारच्या फुवारामहालात मध्यभागी चौथरा, चौथऱ्याभोवती पाणी आणि कारंजी, पाण्याभोवती दिवे व आरसे अशी रचना आहे. कच्छच्या उन्हाळ्यात राव त्या चौथऱ्यावर बसून काव्य रची, गाणे ऐके. दिवा, आरसा आणि पाणी या तिघांना एकत्र आणणारी दुसरी इमारत मला ठाऊक नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिचे मोठे नुकसान झाले.

मराठी मुलखात या थाटाचे आता फारसे काही उरलेले नाही. शनिवारवाड्यात जुना आरसेमहाल म्हणून एक इमारत होती. १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तीही गेली. वाड्यांच्या दिवाणखान्यांत मात्र पुढे एकोणिसाव्या शतकात विलायती आरशांची रेलचेल झाली. लाकडी तक्तपोशीखाली हंड्या-झुंबरे, भिंतीवर सोनेरी चौकटीचे आरसे, आणि तेही असे की वरची कड भिंतीपासून सुटून पुढे झुकलेली. कारण घरधनी आणि पाहुणे गाद्या-लोडांच्या बैठकीवर जमिनीलगत बसत आणि ताठ टांगलेल्या आरशात त्यांना समोरच्या तुळईपलीकडे काही दिसले नसते. गोव्यात सासष्टीच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या नृत्यदालनांत हेच आरसे खुर्च्यांच्या उंचीने, सरळ लागलेले दिसतात. काचेचा व्यापार दोन्हीकडे एकच. बसण्याची रीत भिन्न, म्हणून टांगण्याची रीतही भिन्न.

यांपैकी बहुतेक मालाला आमच्याकडे सरसकट बेल्जियमचा आरसा म्हणण्याचा प्रघात पडला, आणि तो निराधार नव्हता. त्या शतकात बेल्जियमची काच जगभर जात होती. परंतु काचेमागचा लेप तोवर बदलत चालला होता. युस्टुस लीबिग या जर्मन रसायनवेत्त्याने १८३५ मध्ये चांदीच्या क्षारातून काचेवर शुद्ध रुप्याचा थर बसविण्याची क्रिया शोधली, १८५६ मध्ये ती कारखान्याजोगी केली आणि शतक संपेपर्यंत पाऱ्याची पद्धत बहुतेक ठिकाणांहून हद्दपार झाली. मजूर वाचले, किंमत उतरली, आरसा कपाटाच्या दाराला लागला. त्याच सुमारास गॅसचे आणि मग विजेचे दिवे आल्याने उजेड वाढविण्याचे त्याचे मूळ काम सुटले. मुंबई-पुण्याच्या इराणी उपाहारगृहांनी संगमरवरी मेजांमागे पैलूदार कडांचे मोठे आरसे लावून त्याला एक नवी नोकरी दिली खरी, पण ती जागा मोठी भासविण्याची होती. विजेशी त्याचे किती वाकडे आहे, हे के. आसिफ यांनी 'मुगल-ए-आझम'साठी मुंबईच्या मोहन स्टुडिओत शीशमहालाचा देखावा बेल्जियमच्या काचेने उभारला तेव्हा सर्वांना कळले. ज्योतीसाठी योजलेल्या त्या तुकड्यांवर प्रखर दिवे पडताच कॅमेऱ्याला लखलखाटाखेरीज काही दिसेना, आणि छायालेखक आर. डी. माथुर यांना उजेड परतवून अप्रत्यक्षपणे पाडण्याच्या नाना क्लृप्त्या लढवाव्या लागल्या.

ज्यांच्या घरी असे जुने आरसे अद्याप आहेत त्यांना एक विनंती करून थांबतो. प्रतिबिंबात किंचित निळसर-करडी झाक असेल, कडेला बारीक दाणे चमकत असतील आणि काच पातळ असून तिच्या पृष्ठभागात मंद लाट असेल, तर तो कथील-पाऱ्याचा आरसा समजावा. लेप कडेने पिवळट किंवा काळपट पडत गेला असेल तर तो बहुधा चांदीचा. कथील-पाऱ्याचा लेप एकदा खरवडला की पुन्हा बसविता येत नाही, आणि त्या जागी आजचा चकचकीत लेप दिला म्हणजे हाती उरते ती नुसती जुनी चौकट. म्हणून दुकानदार कितीही आग्रह करो, काच 'नवी करून' घेऊ नये. असा आरसा काढून ठेवावयाचा झाल्यास उभाच ठेवावा आणि उलटा कधी करू नये, कारण तळाशी साचलेला पारा लेपातून परत फिरतो व सारा आरसा डागाळतो. मागच्या फळीला ओला हात लावू नये, खाली पाऱ्याचे थेंब आढळल्यास ते मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. आणि एखाद्या रात्री घरातले विजेचे दिवे मालवून त्याच्यासमोर एक समई अवश्य लावून पाहावी.